स्प्रिंग रायफलचा ग्रुप सारखा जागा बदलतोय? स्कोपच्या नॉबला हात लावण्याआधी हे तपासा

सकाळी झीरो केलेली, म्हणजे स्कोपचा नेम आणि छर्ऱ्याची जागा जुळवलेली रायफल. दहा मीटरवर पाच छर्रे एकमेकांत घुसलेले, अगदी मधोमध. संध्याकाळी तीच रायफल, त्याच डब्यातले छर्रे, आणि ग्रुप बोटभर डावीकडे. ग्रुप तसाच घट्ट, फक्त जागा बदललेली. मग नॉब फिरवायचा, ग्रुप मध्ये आणायचा, समाधानाने रायफल कपाटात ठेवायची. दोन दिवसांनी काढावी तर आता तो उजवीकडे.

स्प्रिंग-पिस्टन रायफल वापरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा त्रास कधी ना कधी होतो. मी त्यात तीन महिने घालवले. दोन स्कोप बदलले, माउंट (स्कोप रायफलवर धरून ठेवणारे क्लॅम्प) बदलले, सहा प्रकारचे छर्रे आणले. दोष यातल्या कशातच नव्हता. तेव्हा ज्या क्रमाने तपासायला हवं होतं, तो क्रम इथे देतोय. सोबत कारणंही सांगतो, कारण ती कळली की उगीच खर्च करण्याचा मोह आपोआप कमी होतो.

आधी कागद वाचा

ग्रुप पसरणं आणि ग्रुप सरकणं ही दोन निराळी दुखणी आहेत. आपण दोन्हींना "नेम बसत नाही" म्हणतो आणि दोन्हींवर एकच औषध करतो, ते म्हणजे नॉब. तीन छर्ऱ्यांच्या ग्रुपवरून तर काहीच ठरवू नका. तीन छर्रे योगायोगानेही एका भोकात जातात आणि योगायोगानेच फाकतातही.

माझी सगळ्यात उपयोगी पडलेली युक्ती मागच्या कागदाची. टारगेटच्या मागे एक कोरा कागद पक्का चिकटवा आणि त्यावर टारगेटच्या चार कोपऱ्यांच्या पेन्सिलीने खुणा करा. दर पाच छर्ऱ्यांनंतर पुढचं टारगेट काढून नवीन लावा, नेमकं त्याच खुणांवर. मागचा कागद हलवायचा नाही. पंचवीस छर्रे झाले की हातात पाच टारगेटं असतात आणि मागचा एक कागद, ज्यावर पंचवीसच्या पंचवीस भोकं आहेत. दर पाच छर्ऱ्यांच्या मध्ये रायफल खाली ठेवा, उठा, दोन मिनिटं फिरा, पुन्हा बसा. हे महत्त्वाचं आहे, कारण खरा दोष बहुतेक वेळा या उठण्या-बसण्यातच उघडा पडतो. या सगळ्या वेळात नॉबला अजिबात हात लावायचा नाही, छर्रे कुठेही लागोत.

आता कागद शेजारी शेजारी मांडा. प्रत्येक पाचाचा ग्रुप घट्ट असेल आणि मागचा कागद मात्र विखुरलेला असेल, तर रायफल नीट मारते आहे, पण काहीतरी हलतंय. स्क्रू, स्कोप, माउंट किंवा तुमच्या हाताची जागा. प्रत्येक पाचाचा ग्रुपच पसरलेला असेल, तर छर्रे, नळी, ट्रिगर आणि प्रत्येक शॉटची पकड यांच्याकडे बघायचं. भोकं उभ्या रेषेत पडत असतील तर छर्ऱ्याचा वेग कमी-जास्त होतोय असा पहिला संशय घ्या. आणि दोन स्वच्छ वेगळे पुंजके दिसले, तर बहुतेक वेळा एखादा ढिला भाग दोन ठिकाणी आळीपाळीने बसत असतो.

माझा प्रत्येक पाचाचा ग्रुप शर्टाच्या बटणाखाली झाकला जायचा. मागच्या कागदावरचा पसारा आगपेटीएवढा होता. तीन महिन्यांत पहिल्यांदा मला कळलं की छर्रे बदलण्यात काही अर्थ नव्हता.

ट्रिगर दाबल्यावर आत काय होतं

पीसीपी रायफलमध्ये हवा आधीच भरून ठेवलेली असते. झडप उघडते, छर्रा जातो, रायफल जेमतेम हलते. स्प्रिंग रायफलमध्ये ट्रिगर दाबला की आधी दबलेली मोठी स्प्रिंग सुटते आणि जड पिस्टन पुढे फेकला जातो. पिस्टन पुढे, म्हणून रायफल मागे. पिस्टन सिलिंडरच्या टोकाशी पोचेपर्यंत त्याच्या पुढची हवा प्रचंड दबते, तापते, आणि त्याच हवेच्या गादीवर पिस्टन आपटून थबकतो. आता रायफल पुढे झटकते. शिवाय स्प्रिंग उलगडताना थोडी वळते, तो पीळही रायफलला लागतो. छर्रा नळीतून बाहेर पडतो तो या सगळ्या गडबडीत.

म्हणजे छर्रा अजून नळीत असताना रायफल हललेली असते. ती हलणारच, थांबवता येत नाही. आपल्या हातात एवढंच आहे की ती प्रत्येक वेळी सारखीच हलावी. या लेखातलं पुढचं प्रत्येक कलम याच एका गोष्टीसाठी आहे. दहा मीटरच्या स्पर्धेसाठी बनलेल्या जुन्या स्प्रिंग रायफलींमध्ये हा धक्का जिरवण्यासाठी यंत्रणाच बसवलेली असे. फाइनवर्कबाउ ३०० मध्ये सगळी ॲक्शन (नळी, सिलिंडर आणि ट्रिगर) दस्त्यावर रुळासारखी मागे सरकते, तर डायनाच्या गिस पद्धतीत दुसरा पिस्टन उलट दिशेने धावतो आणि दोन्ही धक्के एकमेकांना खाऊन टाकतात. आपल्या साध्या ब्रेक-बॅरलमध्ये, म्हणजे नळी खाली वाकवून भरायच्या रायफलमध्ये, यातलं काही नसतं. तिथे ते काम पकडीला करावं लागतं.

स्क्रू

पाच मिनिटांचं काम आहे म्हणून इथून सुरुवात करा. ट्रिगर सेफ, नळी रिकामी, रायफल भिंतीकडे. दस्त्याचे सगळे स्क्रू तपासा. बहुतेक रायफलींना पुढच्या हाताशी दोन बाजूंना दोन आणि ट्रिगर गार्डला एक किंवा दोन असतात. स्प्रिंगचा दुहेरी धक्का हे स्क्रू सैल करण्यात पटाईत. शंभर-दोनशे शॉटमध्ये पाव आटा सहज सुटतो, आणि पाव आटा ग्रुप सरकवायला पुरेसा आहे.

नुसतं आवळून थांबू नका. स्क्रू काढा, आटे पेट्रोलने किंवा स्पिरिटने पुसून कोरडे करा, मध्यम ताकदीच्या, म्हणजे निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब लावा आणि पुन्हा बसवा. लाल रंगाचा वापरू नका, तो नंतर गरम केल्याशिवाय सुटत नाही. आवळायचं ते बेताने. लाकडी दस्ता जोर लावून आवळला तर लाकूड दबतं.

माझ्या रायफलचं नेमकं हेच झालं होतं, पण दिसायला वेळ लागला. डावा पुढचा स्क्रू मी दर आठवड्याला आवळत होतो आणि दर आठवड्याला तो पुन्हा ढिला मिळत होता. एके दिवशी तो पूर्ण काढला, खालची कपासारखी वॉशरही काढली आणि भोकात टॉर्च मारली. वॉशरच्या कडेने लाकडात अर्धचंद्रासारखी खोलगट खाच पडली होती. एका बाजूचे तंतू काळपट, चुरगळलेले. स्क्रू आवळला की वॉशर त्या चुरगळलेल्या बाजूवर टेकायची, पंधरा-वीस शॉटनंतर आणखी आत बसायची, आणि दस्ता ॲक्शनला केसभर सोडायचा. खाच साफ केली, इपॉक्सी भरली, एक दिवस वाळू दिली, सपाट घासली, भोक पुन्हा मोकळं केलं आणि थोडी मोठी वॉशर टाकली. त्यानंतर तो स्क्रू ढिला झालेला नाही. तुमचा एखादा स्क्रू वारंवार सैल होत असेल, तर त्याला शिव्या देण्याआधी तो ज्यावर टेकतोय ती जागा बघा.

ब्रेक-बॅरल असेल तर नळी ज्याभोवती वळते तो पिव्होट बोल्टही याच वेळी तपासून घ्या. रायफल बंद असताना नळी हलकेच डावी-उजवीकडे ढकला. जराही हलली तर बोल्ट आवळायला हवा. अर्धवट उघडलेली नळी आपल्या वजनाने धाडकन खाली पडता कामा नये. जिथे सोडाल तिथे ती साधारण थांबायला हवी.

हात: सगळ्यात मोठं कारण

लाकूड दुरुस्त झाल्यावर माझा पसारा निम्मा झाला. उरलेला निम्मा माझ्या डाव्या हातात होता.

स्प्रिंग रायफल घट्ट धरली की ती आपल्या स्नायूंशी भांडते, आणि स्नायूंचा ताण दर शॉटला वेगळा असतो. म्हणून रायफल हलकी धरतात, जेणेकरून ती मोकळेपणाने मागे-पुढे जाईल. याला आर्टिलरी होल्ड म्हणतात. पुढचा हात उघडा, तळवा वर, रायफल त्यावर नुसती ठेवलेली, बोटं वळवून पकडायची नाहीत. मागचा हात ग्रिपवर फक्त ट्रिगर सरळ मागे ओढता येईल इतपत. खांद्यात रायफल खेचून रोवायची नाही, टेकवायची. गाल दस्त्यावर ठेवायचा, दाबायचा नाही. पहिल्यांदा हे अगदी असुरक्षित वाटतं, रायफल हातातून सुटेल असं वाटतं. सुटत नाही.

लोक इथपर्यंत करतात, तरीही ग्रुप सरकतो, आणि मग म्हणतात की ही पकड काही कामाची नाही. त्यांची चूक बहुतेक तळव्याच्या जागेची असते. तळवा ट्रिगर गार्डच्या लगेच पुढे असला की ग्रुप एका जागी पडतो, कॉकिंग स्लॉटच्या (दस्त्याच्या खालच्या लांब खाचेच्या) पुढच्या टोकाला असला की दुसऱ्या. दोन्ही जागी ग्रुप घट्ट येऊ शकतो. मी सुरुवातीला ट्रिगर गार्डजवळ धरायचो आणि हात दमला की नकळत पुढे सरकायचो, कारण पुढे धरलं की रायफलचं तोंड कमी जड वाटतं. सकाळचा ग्रुप आणि संध्याकाळचा ग्रुप यात एवढाच फरक होता.

उपाय साधा. तळव्याच्या तीन जागा ठरवा: गार्डजवळ, मध्ये आणि स्लॉटच्या टोकाला. प्रत्येक जागी दहा छर्रे मारा. ज्या जागी ग्रुप सगळ्यात लहान येईल तिथे दस्त्याच्या खाली कापडी चिकटपट्टीचा एक तुकडा लावा. दर शॉटला तळव्याच्या कडेला ती पट्टी लागली पाहिजे. न बघता, स्पर्शाने. ही पट्टी लावल्यावर मागच्या कागदावरची माझी पंचवीस भोकं दोन बटणांखाली मावली.

बेंचवरून मारताना रायफलची नळी किंवा दस्ता कडक वस्तूवर थेट टेकवू नका, ती उसळते आणि छर्रा भलतीकडे जातो. वाळूच्या पिशवीवर हाताची मागची बाजू ठेवा आणि रायफल हातावर.

आणखी एक सवय लावा. नेम धरा, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. क्रॉसहेअर (स्कोपमधली फुली) सरकलेलं असेल तर तुम्ही रायफल स्नायूंनी ओढून धरली होती. हात वळवून दुरुस्त करू नका, पूर्ण शरीर किंवा खुर्ची हलवा. आणि शॉट सुटल्यावर छर्रा कागदाला लागेपर्यंत स्कोपमधून बघत राहा. स्प्रिंग रायफलमध्ये छर्रा नळीत जास्त वेळ असतो, त्यामुळे डोकं घाईने उचललेलं तिला लगेच कळतं.

स्कोप

स्क्रू आणि हात झाल्यावरच इकडे या. दारूच्या बंदुकीसाठी बनलेला स्कोप फक्त मागच्या धक्क्याचा विचार करून बांधलेला असतो. स्प्रिंग रायफलचा पुढचा झटका त्याच्या आतली भिंगं आणि रेटिकल (क्रॉसहेअरची जाळी) सैल करू शकतो, कितीही महाग असला तरी. स्प्रिंग एअर रायफलसाठी म्हणून विकला जाणाराच घ्या.

माउंट रेलवर (रायफलवरच्या पट्टीवर) मागे सरकतोय का हे बघायला माउंटच्या पुढच्या कडेला पेन्सिलीची बारीक रेघ ओढा. पन्नास शॉटनंतर रेघ आणि माउंट यांच्यात फट दिसली तर माउंट चालतोय. रेलवर भोक असेल तर माउंटला अडवणारी स्टॉप पिन त्यात बसवा. ११ मिलिमीटरच्या डोव्हटेलवर (तिरक्या कडांच्या रेलवर) नुसत्या आवळण्याच्या भरवशावर राहू नये. स्कोपची नळी रिंगमध्ये सरकत असेल तर रिंगची आतली बाजू आणि नळी दोन्ही तेल पुसून कोरड्या करा.

नॉब किती फिरलेला आहे हेही बघा. ब्रेक-बॅरल रायफलींची नळी बऱ्याचदा स्कोपच्या रेषेपेक्षा किंचित खाली झुकलेली असते. ते भरून काढायला आपण वर-खालीचा नॉब वर वर फिरवत जातो आणि शेवटाजवळ पोचतो. तिथे स्कोपच्या आतल्या नळीला धरून ठेवणारी स्प्रिंग जवळजवळ मोकळी झालेली असते. मग प्रत्येक धक्क्याला रेटिकल थोडं इकडे, थोडं तिकडे. नॉब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा, मधोमध आणा आणि नळीचा झुकाव भरून काढणारा माउंट लावा.

पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर सरकल्यासारखं दिसणं, तपासायला रायफल पिशव्यांवर स्थिर ठेवा आणि हात न लावता डोकं थोडं वर-खाली, डावी-उजवीकडे करा. क्रॉसहेअर टारगेटवर सरकताना दिसलं तर फोकस दहा मीटरवर आणा. तेवढं जवळ येत नसेल, तर डोळा दर वेळी नेमका मध्ये ठेवण्यावाचून मार्ग नाही.

नॉब फिरवायची वेळ आलीच तर हिशेबाने फिरवा. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक शंभर यार्डांवर सुमारे ७ मिलिमीटर सरकवतो, दहा मीटरवर फक्त ०.७ मिलिमीटर. दहा मीटरवर दोन क्लिकने ग्रुप सेंटीमीटरभर हललेला दिसला तर ती क्लिकची करामत नव्हे.

छर्रे

स्वस्त डब्यातून वीस छर्रे पांढऱ्या कागदावर ओता आणि बाजूने बघा. घेर चेपलेला, कडेला शिशाचा बारीक तुकडा लटकलेला, एखादा अर्धवटच ओतलेला. असे बाजूला काढले तरी ग्रुप सुधारतो. दहा मीटरच्या कागदासाठी सपाट डोक्याचे, लांबच्यासाठी गोल डोक्याचे. टोकदार छर्रे दिसायला आकर्षक, नेमबाजीला सहसा कमी. ४.५ मिलिमीटरच्या रायफलला ७.९ किंवा ८.४४ ग्रेन वजनाच्या छर्ऱ्यांपासून सुरुवात करा. डब्यावर ४.५०, ४.५१, ४.५२ असा डोक्याचा व्यास लिहिलेला असतो, आणि एखाद्या नळीला त्यातला एकच आवडतो.

छर्ऱ्याचा प्रकार बदलला की पहिल्या वीस-तीस शॉटवर विश्वास ठेवू नका. नळीत आधीच्या शिशाचा थर असतो, नवीन छर्ऱ्याला त्यात स्थिरावायला वेळ लागतो.

उभी रेघ पडत असेल तर

छर्रा सेकंदाला १८० मीटर वेगाने निघाला आणि पुढचा १६२ ने, तर दहा मीटरवर तीन-चार मिलिमीटर उंचीचा फरक पडतो आणि पंचवीस मीटरवर दोन सेंटीमीटरहून जास्त. वेग हलण्याची दोन नेहमीची कारणं आहेत.

एक, हवा गळते. रायफल पिशव्यांवर टेकवून, तोंड सुरक्षित बॅकस्टॉपकडे ठेवून, नळीच्या सांध्यावर टिश्यू पेपरची बारीक पट्टी ठेवा आणि छर्रा भरून एक शॉट मारा. पट्टी उडाली तर ब्रीच सील (नळीच्या मागच्या टोकाशी, म्हणजे ब्रीचला, हवा अडवणारी कडी) बदला. पुष्कळ रायफलींमध्ये ती एक साधी ओ-रिंग असते. छर्रा न भरता मात्र कधीही ट्रिगर दाबू नका, हवेची गादी नसली की पिस्टन थेट लोखंडावर आपटतो.

दोन, डिझेलिंग. ट्रान्सफर पोर्टमध्ये (सिलिंडरमधली हवा नळीत नेणाऱ्या भोकात) तेल टाकणारे भेटतात. पिस्टनपुढची तापलेली हवा ते तेल पेटवते. धूर, जळका वास, फटाक्यासारखा कडक आवाज, आणि वेग मनाला येईल तसा. नव्या रायफलमध्ये कारखान्यातल्या ग्रीसमुळे पहिले काही शॉट थोडा धूर निघतो, तो निवतो. मुद्दाम तेल टाकलं असेल तर मात्र काही डबे संपेपर्यंत वाट बघावी लागते आणि सीलही खराब होऊ शकते.

उरलेलं

मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवलेलं नळकांडं) असेल तर त्याच्या भोकात टॉर्च मारा. एका बाजूला शिशाची चंदेरी रेघ दिसली तर छर्रा घासून जातोय, ब्रेक सरळ बसवा. कान साफ करायची कापसाची काडी नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे ओरखडा आहे. नळी साफ करायची तर ब्रीचकडून तोंडाकडे, नायलॉनच्या दोरीने चिंधी ओढून. स्टीलचा ब्रश नको.

हे सगळं करूनही प्रत्येक पाचाचा ग्रुप पसरतच असेल आणि शॉटनंतर आतून झणझण ऐकू येत असेल, तर स्प्रिंग वाकलेली किंवा मोडलेली असू शकते, किंवा पिस्टनचं सील गेलेलं. स्प्रिंग बसवलेल्या स्थितीतही दबलेली असते. मागची पिन काढली की ती शेवटच्या कप्प्यासकट तोंडावर येऊ शकते. स्प्रिंग कॉम्प्रेसर आणि तो वापरायचा सराव नसेल तर हे घरी उघडू नका, कारागिराकडे द्या, आणि देताना मागचा कागद सोबत द्या. त्यावरची पंचवीस भोकं बघून तो कुठून सुरुवात करायची ते लगेच सांगेल.